विमलवहिनींची जोडवी

सेलूच्या माझ्या थोरल्या भावाची बायको, विमलवहिनी, दुखणं कधी बोलून दाखवत नसत. लघवीच्या जंतुसंसर्गाचा ताप त्यांनी अंगावरच काढला. विष रक्तात भिनलं, रक्तदाब कोसळला. परभणीच्या दवाखान्यात तो वर आणणारं औषध शिरेतून चालू झालं आणि जीव तगला. पण त्याच औषधानं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या. काळीनिळी पडलेली पायाची बोटं पाहून मी हादरलो. सुजेनं जोडवी रुतली होती.

नर्स ती कापायला आली, तर भावाची सून आडवी आली. "मामंजी जिवंत हायत! जोडवी काढायची न्हाई!"

भाऊ ओरडला, "मी जिवंत हाय म्हणून तिची बोटं सडवता का? कापा, सिस्टर!"

जोडवी निघाली. बोटं काळीनिळीच राहिली.