बिलाविना आलेलं औषध

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या दवाखान्यात भिंतींनाही ठाऊक आहे. परभणीत पायाच्या फुगलेल्या शिरांवर इलाज करणारा हा छोटासा दवाखाना. डॉक्टर, म्हणजे आमचे सर, महिन्यातून दोन शनिवार संभाजीनगरहून येतात. बाकी दिवस मी, म्हणजे सिस्टर, सगळं सांभाळते. औषधं मागवणं माझ्याकडेच. ‘माझ्या हातून चूक होत नसते’ असं मी तोऱ्यात सांगायचे. तोंड होतं ना मोठं!

ती मावशी सेलूची. होस्टेलच्या मेसमध्ये दोन्ही वेळच्या पोळ्या उभ्यानं लाटायची. डाव्या घोट्याच्या वर तिला जखम होती, दीड वर्षापासून न भरणारी. मेसच्या मालकानं तिला घरी बसवलं होतं. संक्रांतीपर्यंत पाय बरा झाला तर ये, नाहीतर दुसरी बाई बघतो, असं त्याचं म्हणणं. सैपाकघरात चिघळलेला पाय नको हे खरंच, तरी मला त्या माणसाचा राग आला तो आलाच. सरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, की सुईनं औषधाचा फेस सोडून खराब शीर आतून बंद केली, की जखम भरायला लागेल. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार ठरला.

आणि नेमकं त्याच वेळी आमच्या नेहमीच्या दुकानदाराकडचं हे फेसाचं औषध संपलं. मी एका ओळखीच्या एजंटाला फोन लावला. “माल हाय ताई, बिल नंतर देतो,” तो म्हणाला. मी ‘बरं’ म्हटलं. माती खाल्ली ती तिथंच.

शनिवारी मावशी टेबलावर आडवी झाली. सरांनी हातमोजे चढवले. मी खोक्यावरचा बॅच नंबर वाचला, मग आतल्या काचेच्या कुपीवरचा. दोन्ही जुळेनात. चष्मा पुसून परत वाचले. म्हणजे माल बनावटही असू शकत होता. छपाईत घोळ झाला असेल, कोण बघतंय, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू? पण ती बाई माझ्याकडे बघून हसली आणि माझ्यानं राहवेना. सगळं सांगून टाकलं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “मग आज नाही होणार.”

मावशी ताडकन उठून बसली. “आज न्हाई तर मंग कवा? पंधरा दिसानं? तवर तिथं दुसरी बाई लागंल की! तुमच्या नंबराचं मला काय करायचंय? द्या तीच सुई!”

“मावशी, त्या कुपीत काय हाय तेच मला माहीत न्हाई. मी मागवलं, बिल न घेता. चूक माझी हाय.”

ती रडायला लागली. मग मी फोनच धरून बसले. चौथ्या फोनला नांदेडच्या एका दुकानदाराकडे औषध सापडलं, बिलासकट. त्याचा माणूस गाडीनं पूर्णेपर्यंत येऊ शकत होता. तिथून पुढं दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची माझी तयारी नव्हती. मी स्वतःच पूर्णेची गाडी धरली.

प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या मी खोकं, कुपी, बिल, तिन्हींवरचा नंबर ताडून बघितला. “ताई, भरोसा न्हाई का?” तो माणूस नाराज झाला.

“भरोसा आज माझा माझ्यावरबी न्हाई,” मी म्हटलं.

परतले तेव्हा साडेतीन वाजले होते. सरांची परतीची गाडी निघून गेली होती, तरी ते थांबले होते, चिवडा खात बसले होते. मावशी भिंतीला टेकून, न जेवता. सरांनी दोन सिरिंजांमध्ये औषध आणि हवा इकडून तिकडे ढकलून पांढरा फेस केला आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत शिरेत सोडला. मी पाय घट्ट बांधला. सुईनंतर लगेच चालायचं असतं, म्हणून मी तिला अंगणात फिरवलं. माझा हात मात्र तिनं धरला नाही. आधीचं खोकं सरांनी औषध निरीक्षकाकडे तक्रारीसोबत पाठवलं, आणि एजंटाला मी फोनवर असं काही फैलावर घेतलं की विचारू नका.

संक्रांतीच्या चार दिवस आधी ती आली. मी पट्टी सोडली. जखमेच्या जागी कोवळी, गुलाबी कातडी आली होती. माझे तर डोळेच भरून आले.

“उद्यापासून कामाला जायलेय,” ती म्हणाली. “मालकाला म्हणले, येते, पर स्टूल ठिवा. बसून लाटीन.” मग माझ्याकडे बघत विचारलं, “बाई, त्या दिशी तुमी गप बसला असता, तर मला कळलं असतं का?”

“न्हाई.”

तिनं चप्पल पायात सरकवली. मग पिशवी उचलत म्हणाली, “पुढल्या शनिवारी माजी जाऊ येतीय. तिला सांगितलंय, ती चष्म्यावाली बाई आधी नंबर वाचंल, तवर सुई घ्यायची न्हाई.”