आप्पांच्या तोंडात आक्कांची कवळी

"आ करा," मी म्हटलं. आप्पांनी तोंड आणखी घट्ट मिटलं.

शहाद्यात माझा दातांचा दवाखाना आहे. खुर्चीवर म्हसावदचे आप्पा. शेतकरी माणूस, तोंडात एकही दात नाही. शेजारी त्यांचा मुलगा, पुरुषोत्तमनगरला नोकरीला.

"माय गेल्यापासून आप्पांनी जेवण सोडलंय, डॉक्टर. रडले नाहीत, बोलत नाहीत, नुसते वाळत चाललेत. सलाइन झालं, डिप्रेशनच्या गोळ्या झाल्या. आता स्वतःच एवढंच म्हणतात, दातवाल्याकडे चल."

आमच्याकडे कुणी वारलं की लोक सांत्वनाला येतात. त्याला दारावर येणं म्हणतात. येणारा प्रत्येक जण आप्पांना 'स्वीकारा, मन घट्ट करा' असं ऐकवून, चहा पिऊन गेला होता. तोंड उघडून कुणी पाहिलं नव्हतं.

मुलाला बाहेर बसवलं, तेव्हा कुठे आप्पांनी आ केला. अरे बाप रे! वरच्या हिरडीवर हा एवढा अल्सर. पाणी प्यायलं तरी झोंबेल असा.

"हे कशानं केलंत?"

आप्पांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात कवळी. त्यांच्या बायकोला, आक्कांना, मीच बनवून दिलेली!

"तिन्हा दात शेतस. नव्वाज शेतस. जरासा घसी लिधात."

तिचे दात नवेच आहेत, म्हणून जरासे घासून यांनी स्वतःच्या तोंडात बसवले होते! मी कपाळाला हात लावला. कवळी हिरडीचं माप घेऊन बनते, ज्याची त्यालाच बसते. दुसऱ्यानं घातली की ती हिरडी सोलून काढते.

"आप्पा, चप्पल आहे का ही, कुणीही घालायला? आक्कांच्या वेळी तुम्हालाही बनवतो म्हटलं होतं. का नको म्हणालात?"

"तवय ती व्हती ना भाकर कुस्कराले. आते सूनले काय सांगू? लाज वाटस."

"तोंड दुखतंय एवढं तरी सांगायचं!"

"दात कोना, हाई इचारतीन ना सगळा."

दात कुणाचे, हे सगळे विचारतील, याची भीती! मला हसू आलं आणि वाईटही फार वाटलं. म्हातारा बायकोचे दात घालून एकटा भाकरीशी झुंजत होता, आणि घरदार त्याला वैराग्य शिकवत होतं.

मुलाला बोलावून सगळं सांगितलं. तो चिडलाच. "म्हणजे यांना दुःख नाहीच?"

"दुःख आहे हो. पण अल्सरही आहे."

आक्कांची कवळी बंद, लावायला जेल, खायला मऊ. सून आपणहून भाकरी कुस्करायला लागली. हिरडीची जखम भरल्यावर मी आप्पांचं माप घेतलं. मग शेड, म्हणजे दातांचा रंग. मुलगा म्हणाला, एकदम पांढरे टाका.

"पिवळा टाका," आप्पा म्हणाले. "म्हातारा शे मी, नवरदेव नही."

कवळी दिल्यावर आठवड्यानं मुलाचा फोन. आवाज घाबरलेला.

"डॉक्टर, आप्पा रडतायत! ओट्यावर बसून, मोठमोठ्यानं. सगळी गल्ली गोळा झालीय."

"कवळी टोचतेय का?"

"नाही म्हणतात."

"जेवले का?"

"पोटभर. कळण्याची भाकर, भरीत. ताट पुसून खाल्लं, हात धुतले आणि सुरू झाले."

"मग रडू द्या. ताकद आलीय त्यांना."

हल्ली मी कुणाच्या दारावर गेलो की उपदेश करत नाही. जेवलात का, एवढंच विचारतो. आणि उत्तर देताना तोंड उघडलं, की आत डोकावून घेतो.