गच्चीवरचा एक तास

माझ्या डोक्यावर थेट गच्ची आहे, आणि चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून गेल्यामुळे मला माणसं चेहऱ्यापेक्षा पावलांवरून लवकर ओळखू येतात. समोरच्या दारातल्या बाईला मी आधी तशीच ओळखायला लागलो. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबायची. शेवटच्या सहा पायऱ्यांना तर तिचा कठड्यावरचा हात सुटायचा नाही. वय विचाराल तर चाळिशीच्या आतलं. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात ती दिवसभर चादरींच्या घड्या घालायची. मी मनातल्या मनात तिला चादरवाली म्हणायचो.

सकाळी सहाला ती घराबाहेर पडायची. सातला तिचा नवरा बेकरीतली रात्रपाळी करून, भुवयांत पीठ घेऊन घरी यायचा. संध्याकाळी सहाला तो गेला की साडेसातला ही हजर. एका खाटेवर दोघं झोपायची, पण एका वेळी नाही. मुलं दोन, थोरली अकराची आणि धाकटा सातचा. घराची जादा किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून कधीमधी आत डोकावणं व्हायचं. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलेले दिसायचे. ‘धाकट्याला खोकला, औषध दिलं आहे.’ ‘पाण्याची मोटर बंद केली का?’ एकावर नुसतंच लिहिलं होतं, ‘झोप झाली का?’ आणि खाली दुसऱ्या अक्षरात, ‘थोडी.’

एके दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. हातात शाळेतून आलेला कागद होता. शहरातल्या मुलांना घरच्या घरी काय काय करता येईल त्याची यादी त्यावर छापली होती. अंड्यांच्या ट्रेमध्ये बी रुजवा, ओल्या कचऱ्याचं खत करा, बरणीत साय घुसळून लोणी काढा, असलं सगळं. यादी करणाऱ्याला घरी बहुतेक नोकरचाकर असावेत.

“काका, गच्चीवर चार कुंड्या ठेवू का? सेक्रेटरी म्हणाले, खालच्या शिंप्याची छत गळण्याची तक्रार आली, की त्याच दिवशी सगळं खाली उतरवायचं. म्हणून तुम्हालाच आधी विचारते.”

“घरात कामं थोडी आहेत का तुला?” मी म्हणालो. “वर हे शेतीचं खूळ कशाला?”

“मला भाजी नकोय हो,” ती म्हणाली. “रविवारी मला सुट्टी असते, आणि हा चारला उठतो, पाचला कामावर जायच्या तयारीला लागतो. आठवड्यात तेवढा एकच तास आम्ही चौघं जागे आणि मोकळे असतो. पण घरात बसलो की मी भांड्यांना लागते, हा बसल्या बसल्या पेंगतो, पोरं फोनमध्ये तोंड घालतात. हाताला एखादं काम असलं तर तेवढा वेळ तरी एकत्र बसतील.”

मी हो म्हणून टाकलं.

मग चार कुंड्यांच्या बारा झाल्या, रंगाचे रिकामे डबे आले, कचऱ्याची झाकणाची बादली आली. रविवारी चार वाजले की डोक्यावर चार जोड पावलं वाजायची आणि मी मशीन थांबवायचो. कान देत होतो म्हणा ना, उगाच खोटं कशाला बोलू! एकदा चौघांनी आळीपाळीने बरणी हलवून सायीचं लोणी काढलं. सुपारीएवढा गोळा निघाला. धाकटा तो बशीत घेऊन मला दाखवायला धावत आला, तर अर्धा जिन्यातच वितळला. “काका, मी सहाशे वेळा हलवली!” तो म्हणाला. वरून बापाच्या हसण्याचा आवाज आला. पाच वर्षांच्या शेजारात तो माणूस हसतो हे मला त्या दिवशी कळलं.

ठरलं असं होतं की रोजचं पाणी आईने संध्याकाळी घालायचं आणि बाकीची कामं रविवारी सगळ्यांनी मिळून करायची. पण महिनाभरातच मला वर भलतंच ऐकू यायला लागलं. सकाळी सातला बापाचे जड बूट घरी न जाता आधी गच्चीवर जायचे. पावणेआठला शाळेच्या आधी थोरली दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर. चारला धाकटा, बादली प्रत्येक पायरीला आपटत. आणि साडेसातनंतर चादरवाली, कठडा धरून. प्रत्येक वेळी पाणी ओतल्याचा आवाज. मला वाटलं, बाईने पाळ्या लावून दिल्या असतील. आपल्याला काय करायचंय, म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं.

टोमॅटो पिवळे पडले, पालकाने मान टाकली. ते बघून पाणी आणखी वाढलं. मातीत बोट घालून बघावं एवढं त्या बाईला नक्की कळत होतं, पण त्या वेळी तिला धड उभंही राहवत नसे. दोन झाऱ्या ओतायच्या आणि खाली यायचं, एवढंच तिच्यात उरलेलं असायचं. अति तिथे माती म्हणतात, इथे मातीचाही चिखल झाला.

आणि एका रविवारी दुपारी माझ्या छतातून थेंब पडला. पडला तो नेमका सोमवारी द्यायच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर. मातकट डाग. तळपायाची आग मस्तकात गेली. कोट तसाच हातात घेऊन मी गच्चीवर गेलो. चौघंही तिथेच होती, पिवळ्या झाडांभोवती, डॉक्टरची वाट बघत असल्यासारखी.

“हे बघा!” मी कोट नाचवला. “दिवसातून चार-चार वेळा पाणी? भातशेती करताय काय माझ्या डोक्यावर?”

“चार वेळा?” चादरवाली म्हणाली. “मी एकदाच घालते, संध्याकाळी.”

“तू एकदा घालतेस! आणि सकाळी सातला हे? पावणेआठला ही? चारला हा बादलीवाला? मी काय बहिरा आहे?”

आधी बापाने मान खाली घातली.

“ती दमून येते,” तो माझ्याकडेच बघत म्हणाला. “म्हटलं, आपण घालून ठेवावं. कळलं असतं तर नको म्हणाली असती.”

“मलापण तसंच वाटलं,” थोरली पुटपुटली. “बाबा झोपलेले असतात ना. आणि आई...”

धाकटा रडायलाच लागला. “झाडं मी मारली?”

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी स्वतःची लाज वाटायला लागली. ज्याला सगळं ऐकू येत होतं असा या इमारतीत एकच माणूस होता, आणि तो मूग गिळून बसला होता. चार शब्द वेळेवर बोललो असतो तर झाडंही धड राहिली असती आणि कोटही.

चादरवाली रंगाच्या पालथ्या डब्यावर बसली. “तक्रार करा, काका,” ती म्हणाली. “खरंच करा. सगळं खाली उतरवू. आता माझ्याच्याने होत नाही.”

तेव्हा थोरलीने विचारलं, “मग आपण भेटायचं कुठे?”

दोन खोल्यांत एकत्र राहणाऱ्या घरातल्या पोरीचा हा प्रश्न. डाग धुतला तर जाईल, असं काहीतरी मी बोललो. तो काही जाणार नव्हता. “तक्रार करायला मला कुठे वेळ आहे?” मी म्हणालो. “फक्त पाणी आता रविवारीच घाला, चौघं असताना.”

“टोमॅटो मरतील,” धाकटा नाक पुसत म्हणाला.

“मरू देत, बाळा,” चादरवाली म्हणाली. “मला टोमॅटो नकोच होते.” तिने त्याला जवळ ओढलं, पाण्याच्या टाकीला पाठ टेकली आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला.

थोरली आईला सावली पडावी म्हणून जरा सरकून बसली. धाकटा आईच्या मांडीवर डोकं ठेवून हलायचाही थांबला. बाप समोर, मातीचे हात गुडघ्यांवर ठेवून, तिच्याकडे बघत राहिला. बायकोला झोपलेली त्याने शेवटची कधी पाहिली असेल कोण जाणे. मी खाली जायला हवं होतं, पण माझ्या बुटांचा आवाज होईल म्हणून कोट मांडीवर घेऊन तिथेच टेकलो. पाच वाजले. साडेपाच झाले. सहाही वाजून गेले. खाली रस्त्यावर एक गाडी दोनदा हॉर्न वाजवून गेली तेव्हा ती दचकून जागी झाली.

“किती वाजले?” तिने विचारलं. “सगळा तास झोपेत घालवला का मी?”

“छे,” नवरा म्हणाला. कामावर निघायची त्याची वेळ केव्हाच टळली होती. “पाचच मिनिटं झाली. झोप.”