दोन राणोजी

हसणार नसाल तरच सांगतो. एकुलत्या एका लेकीचं ठरलेलं लग्न मी स्वतःच मोडायला निघालो होतो!

झालं काय, रिटायर झाल्यापासून मला घराण्याची मुळं खणायचा नाद लागला. आमचा पूर्वज राणोजी. जुन्या दुष्काळात नगरकडून गुरं हाकत इकडं आला. सोबत मेहुणा सखाराम. दोघांनी एकमेकांच्या बहिणी केलेल्या. साटंलोटं!

लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही गुलमंडीच्या बाजारात गेलो. शालू बघता बघता होणारे व्याही, शेंद्र्याचे पाटील, सहज म्हणाले, "आमचं घराणं बी नगरकडचंच. राणोजीचा वंश आमचा."

माझ्या हातातला शालू गळून पडला. राणोजी? म्हणजे घराणं एकच! म्हणजे आमची प्राजू आणि त्यांचा सागर... भाऊबहीण?

घरी येऊन बायकोला, सुषमाला, सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आडनाव वेगळंय की!"

"पाटीलकी आल्यावर बदललं असेल!"

पत्रिका वाटून झालेल्या, हॉल ठरलेला. प्राजूला काय सांगू? 'बेटा, त्याला राखी बांध'?

सकाळीच सुषमाला घेऊन शेंद्रा गाठलं. ओसरीवर पाटील होते, त्यांची म्हातारी आत्या होती. मी घाम पुसत म्हणालो, "हे लग्न होऊ शकत नाही. पोरं एका रक्ताची आहेत!"

पाटलांनी कपबशी खाली ठेवली. "काय बोलता, पावणं?"

मी सगळं सांगितलं. आत्याबाई ऐकत होत्या, आणि एकदम खो खो हसत सुटल्या!

"अरं बाबा, राणोजी दोन! तुमच्या राणोजीची बहीण आमच्या सखारामाला दिल्याली. तिनं लेकाला भावाचं नाव ठिवलं. मामा-भाचे ते! अन् देवक येगळं हाय, हे सुपारीच्या आधीच बघितलं व्हतं ना?"

बघितलं होतं. मीच बघितलं होतं!

जीव भांड्यात पडला. पण आत्याबाईंना आता रंग चढला. "सूनबाई, तुझं माहेर कुठलं गं?"

सुषमानं वैजापूरचं घर सांगितलं. माझ्या आईचं माहेरही विचारून झालं. आत्याबाई बोटांवर पिढ्या मोजत राहिल्या, मग थबकल्या.

"हिची पणजी अन् तुझ्या आईची पणजी, दोघी सख्ख्या बहिणी. सखारामाच्याच लेकी! म्हंजे ही तुझ्या आईची बहीण लागती. व्हय रे, तू मावशीशीच लगीन केलंस की!"

ओसरी हसून लोळली. पाटील तर डोळे पुसत होते. मी चप्पल शोधायला लागलो.

गाडीत बसलो. संसारात कधी एकेरी न बोललेली सुषमा पदर सावरत म्हणाली,

"अरे, दार नीट लाव. आणि सावकाश चालव, मावशी बसलीय!"