तांदुळ्याच्या काठावर बाबांची झोप

आईची तेरवी होऊन महिना उलटला, तरी बाबा झोपत नव्हते. गोळी घेऊनही नाही. डॉक्टर म्हणाले जागा बदलून बघा, म्हणून धाकटी बहीण आणि मी त्यांना हुडको कॉलनीतल्या घरातून उचलून तांदुळा धरणावर आणलं. तंबू, गळ, डब्यात गांडुळं, सगळा तामझाम. मला काहीच वाटत नव्हतं. आई गेल्याचंच नीट वाटलं नव्हतं, तर सहलीचं काय डोंबल वाटणार!

सकाळी बोटीत बसलो. बाबांनी मुकाट पॅडल मारले, बोटवाल्यानं सांगितलं तिथवर जाऊन बोट परत आणली. मग काठावर गळ टाकून बसले. एक चांगला रोहू लागला. तोही त्यांनी दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बादलीत टाकला आणि तंबूत जाऊन आडवे झाले.

झालं, आम्ही दोघं लगेच चूप. हाडात मुरलेली सवय. सेक्टर दोनच्या कंपनी क्वार्टरमध्ये बाबा कारखान्यातून नाईट शिफ्ट करून आले की दिवसभर आवाज बंद. आम्ही जरा खिदळलो की ओट्यापासून आईचं सुरू, "शूऽऽ, बाबा झोपले." तर इथंही बहीण खुणांनी मीठ मागून राहिली होती, आणि मी शेजारच्या तंबूवाल्यांना गाणी बंद करायला सांगून आलो. बाबांना रिटायर होऊन जमाना झाला, तरी आमचं तेच.

थोड्या वेळानं बाबा बाहेर आले. डोळे तसेच लाल. बहिणीचा चेहरा उतरला. झोप नाही लागली का, मी हळूच विचारलं.

"इतकं चूप कावून बसले तुमी?" ते म्हणाले. "तुमची आई तुमाले दिवसभर चूप करत राहे. ते ऐकत ऐकत मले झोप लागे."

एवढं बोलून ते परत आत गेले. मग मी पातेलं उचललं आणि दगडावर दाणकन आपटलं.

"शूऽऽ," बहीण म्हणाली, थेट आईसारखी. "बाबा झोपले."

मी पुन्हा आपटलं. ती पुन्हा म्हणाली. असं बराच वेळ चाललं, तिचा आवाज भरून आला तरी ती थांबली नाही. शेवटी तंबूतून घोरणं ऐकू आलं. पातेलं माझ्या हातातच राहिलं. आई गेली, हे मला तेव्हा कळलं, आणि मी तोंड दाबून रडलो, बाबा जागे होऊ नयेत म्हणून.