करंगळीवरची शाई

खंदारे सिस्टर सायकल घेऊन थेट कार्यालयात यायच्या. बाहेर लिंबाखाली वाहनं लावायची जागा होती, तशी पाटीही होती. पण बाई समोरच्या तीन पायऱ्या सायकलसकट चढायच्या, अरुंद बोळातून ती ढकलत आणायच्या आणि बांधकाम विभागात माझ्या टेबलाला चिकटून स्टँडवर उभी करायच्या. चाकांची काळी माती फरशीवर पडायची आणि शिपाई बोंबलायचा. "सायकल भाईर लावली की तुमी मला इसरता," सिस्टर म्हणायच्या. "आत असली की निदान तिला हाकलायला तरी कुणी उठतंय." मी फाइलीतून मान वर काढली नाही, तर त्या खुशाल घंटी वाजवायच्या.

मी आजही तिथेच नोकरी करतो, म्हणून कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तुमच्या गावातही असलं एक कार्यालय असणार, तेच डोळ्यांसमोर आणा.

सिस्टर निवृत्त परिचारिका होत्या. पिंगळीच्या बाजूच्या गावांत आणि वस्त्यांवर लसीचा डबा कॅरियरला बांधून त्यांनी सगळी नोकरी सायकलवर काढली. उंच, काटक बाई. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल. निवृत्त झाल्यावरही माणसाकडे बघायची त्यांची पद्धत तीच राहिली होती. समोरचा साहेब असो की शिपाई, आधी सुई टोचायची असल्यासारखा त्याचा दंड शोधायच्या. कुणी कुरकुर करायला लागला की म्हणायच्या, "हात ढिला सोडा. ताठला की जास्तीच दुखतंय."

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. शहरांत सायकलींसाठी वेगळा मार्ग बांधायला सरकार अनुदान देणार, प्रस्ताव पाठवा, अशी ती बातमी. सिस्टरना हवा होता पिंगळीकडून शहरात येणाऱ्या रस्त्याच्या कडेने, नाक्यापासून मुलींच्या शाळेपर्यंतचा पट्टा. "सरकारनं आठवीतल्या पोरींना सायकली दिल्या," त्या म्हणाल्या. "लय चांगलं केलं. पण पोरी चालवायल्यात कुठं? टिप्परच्या चाकाखाली?"

त्यांच्या डोळ्यांसमोर एक मुलगी होती, शीतल. नाक्यापलीकडच्या वस्तीवरची. तिच्या जन्माच्या दिवशी पहिली लस सिस्टरनीच दिलेली. नववीत असताना टिप्परचा आरसा खांद्याला लागून ती पडली आणि हात मोडला. हात जुळला, पण बापाने सायकल माळ्यावर टाकली आणि शाळा बंद केली. तिचं पाहून त्याच वस्तीवरच्या आणखी चार मुलींच्या घरच्यांनीही तेच केलं. त्यातल्या एकाही बापाला मी दोष देत नाही. त्या रस्त्याने माझ्या मुलीला मी स्कूटरवर मागे बसवूनही नेत नसे.

प्रस्ताव मीच टाइप केला. नकाशा झाला, साहेबांची सही झाली. राहिली ती वाहतूक गणना. नाक्यावर एक दिवस बसून किती वाहनं जातात, त्यात सायकली किती, हे मोजून तक्ता भरायचा असतो. तक्त्यावर वेळ छापलेली होती, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. कारण आमच्या खात्यात जगाचा दिवस तेवढाच असतो.

मी आणि आमचा एक सहकारी तिथे पोचलो अकराच्या पुढे. चहा घेतला, झाडाखाली खुर्च्या टाकल्या, चार वाजता ऊन उतरल्यावर निघालो आणि तक्ता दहा ते पाच असा भरून टाकला. सायकली निघाल्या सात. त्यात एक दूधवाला होता आणि एक भंगारवाला, जो जाताना एकदा आणि येताना एकदा मोजला गेला. खाली मी दस्तखत केली.

मुलींची शाळा दहाला भरते आणि पाचला सुटते. म्हणजे पोरी ज्या वेळी वर्गात बसल्या होत्या, नेमक्या त्या वेळी आम्ही त्यांना रस्त्यावर शोधत होतो. ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही असं मी अनेक दिवस लोकांना सांगत होतो. ते खोटं आहे. आली होती. पण नऊ वाजता नाक्यावर जायचं तर आठला घर सोडावं लागलं असतं, आणि तेवढी कुणाची बिशाद होती मला आठला घराबाहेर काढायची?

दोन महिन्यांनी वरून उत्तर आलं. "सदर मार्गावर सायकलस्वारांची संख्या नगण्य असल्याने प्रस्ताव विचारात घेता येत नाही." सिस्टरनी ते माझ्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. मग तक्ता मागितला. वाचता वाचता त्यांचं बोट तळाशी येऊन थांबलं.

"ही दस्तखत कुणाची?"

"माझी."

"तुमी गेला होता का तिथं?"

"गेलो होतो, सिस्टर. पण जरा उशिरा..."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि शांतपणे बसल्या.

"एका साली लय पाणी झालं," त्या म्हणाल्या. "ओढ्यापल्याडच्या वस्तीवर मला जाता येईना. सोबतच्या बाया म्हनल्या, टिक मारून टाका, कोण बघायलंय? म्या रजिस्टरात लिव्हलं, 'गेले नाही'. 'राहिलेली बालकं' म्हनून रकाना असतोय, त्यात नावं घातली. वरून नोटीस आली मला, काम का केलं न्हाई म्हनून. आली तर आली. पण लेकरं राहिलीत हे तर कळलं ना? पुढच्या हप्त्यात पाणी उतरलं, गेले, टोचून आले. टिक मारली असती तर ती लेकरं पुन्ना कुणाला दिसली असती, शिंदेभाऊ?"

सहकारी मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता.

"तुमी माझ्या पोरींवर टिक मारली," एवढं बोलून त्या उठल्या आणि सायकल ढकलत निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी सिस्टर स्वतः नाक्यावर उभ्या राहिल्या. पोलिओच्या दिवशी डोस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करतात, म्हणजे तेच मूल पुन्हा मोजलं जात नाही. तसंच मार्कर पेन घेऊन त्यांनी प्रत्येक सायकलवाली पोर थांबवली, करंगळीवर रेघ ओढली आणि वहीत नाव, गाव, इयत्ता लिहून घेतली. आठवडाभर हे चाललं. पोरींना मजा वाटायची, कुणी मुद्दाम दुसऱ्यांदा रांगेत यायची आणि सिस्टर तिची करंगळी पकडून म्हणायच्या, "चल गं चोरटे, झालीस तू कालच."

गुरुवारी मी गेलो, सव्वानऊला. त्या रस्त्यावर तेव्हा काय असतं ते मी प्रथमच पाहिलं. उसाच्या गाड्या, वाळूचे टिप्पर, काळीपिवळी जीप, आणि त्यांच्या कडेकडेने पांढऱ्या रिबिनींची माळच्या माळ. पाठीमागून भोंगा वाजला की पोरी सायकलसकट खडीत उतरायच्या आणि टिप्पर गेला की परत डांबरावर चढायच्या. खडीत उतरताना त्या बोलणंही थांबवत नव्हत्या, इतकी त्यांना सवय झाली होती. मला स्वतःच्या कानफटात मारून घ्यावीशी वाटली.

सिस्टरनी माझीही करंगळी पुढे ओढली आणि रेघ मारली. "आता तुमीबी आलात म्हनून लिव्हते," त्या म्हणाल्या.

वही भरल्यावर त्या कार्यालयात आल्या. खाजगी व्यक्तीने केलेली मोजणी चालत नाही, कर्मचाऱ्याची सही लागते. मी त्या गुरुवारी तिथे होतो. मी सही करू शकत होतो. "साहेबांना विचारून सांगतो," मी म्हणालो. साहेब हसले. "एकाच रस्त्याचे दोन तक्ते पाठवायचे? पहिला खोटा होता असं लिहून देता का? आणि मग मागे वसुली विभागात जाऊन बसायचंय का?" मी परत येऊन सिस्टरना सांगितलं की बघू. त्या दर मंगळवारी येत राहिल्या, सायकल लावत राहिल्या, आणि मी चार महिने बघत राहिलो.

तोवर अनुदान आलं. ते दुसऱ्याच प्रस्तावाला आलं, अधिकाऱ्यांच्या वसाहतीमागे जी बाग आहे तिच्याभोवती गोल फिरणाऱ्या सायकल मार्गाला. तिथली मोजणी फार सुंदर झाली होती. आमच्याच विभागातली माणसं सकाळी सायकली घेऊन बोलावली होती आणि प्रत्येक फेरी नवा सायकलस्वार म्हणून मांडली होती. त्या फेऱ्यांत मीही होतो. लिहायला आजही लाज वाटते, पण होतो.

उद्घाटनाला मांडव घातला, हिरव्या रंगाचा गुळगुळीत पट्टा तयार झाला, दुकानातून नव्या सायकली आणल्या, त्यांच्या सीटांवरचं प्लॅस्टिकही कुणी काढलं नव्हतं. सिस्टर आल्या. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "मावशी, सायकल भाईर लावा, आत कार्यक्रम हाय."

"कशाचा?"

"सायकलीचा."

सिस्टरनी सायकल त्याच्याच हातात दिली आणि आत शिरल्या. प्रमुख पाहुणे हार घालून सायकलवर बसले होते, एक पाय जमिनीवर टेकवून, फोटोसाठी. बाईंनी पिशवीतून मार्कर काढला आणि पाहुण्यांचा डावा हात धरला. स्वागताचा काही प्रकार असेल असं वाटून पाहुण्यांनी हसत करंगळी पुढे केली. सिस्टरनी नीट रेघ ओढली. "एक," त्या म्हणाल्या. "आता कितीबी फेऱ्या मारा, साहेब. तुमी एकच."

पाहुण्यांना काही कळलं नाही. आम्हाला सगळ्यांना कळलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला आणि मागे उभे असलेले आमचेच चार लोक खाली बघू लागले. दोघांनी सिस्टरना दंडाला धरून बाहेर नेलं. "हात ढिला सोडा की रे," जाता जाता त्या त्यांना म्हणाल्या. मी मांडवाचा खांब धरून उभा होतो. मी पुढे झालो नाही.

त्यानंतर त्या कार्यालयात आल्या नाहीत. हृदयाचं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. भिंतीला सायकल. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी ती मध्येच तोडली.

"शीतलचं लगीन ठरवायलेत म्हनं. अठरा तरी भरू द्या म्हनून मी बापाला सांगून आले," त्या म्हणाल्या. मग उशीखालून वही काढली. "आलेल्या हितं हायत समद्या. राहिलेल्या लिव्हायच्या राह्यल्यात. पाच जणी. मला आता लिव्हवत न्हाई."

वही आणि तिच्यात खोचलेला मार्कर माझ्या हातात देऊन त्यांनी डोळे मिटून घेतले. आठ दिवसांनी त्या गेल्या. अंत्ययात्रेला आमच्या कार्यालयातून मी एकटाच होतो. पण वस्त्यांवरून बायामाणसं आली होती, ट्रॅक्टर भरभरून, आणि त्यातल्या बहुतेकांच्या दंडावर त्यांच्या सुईची खूण असणार. बुद्धवंदना चालू असताना मी मागे उभा होतो, आणि दुःखापेक्षा मला राग जास्त येत होता. साहेबांचा आला, हिरव्या पट्ट्याचा आला, सगळ्यात जास्त माझा आला.

यंदा सरकारने पुन्हा प्रस्ताव मागवले. मी कुणाला न विचारता आठवडाभर साडेआठला नाक्यावर उभा राहिलो. मार्कर सिस्टरचाच. पोरींनी विचारलंही नाही, करंगळ्या पुढे केल्या. तक्त्यावरची छापील वेळ खोडून मी खरी वेळ लिहिली. आधीचा तक्ता चुकीचा होता आणि तो मी भरला होता, हेही लिहिलं. शेवटी पट्टीने एक नवा रकाना आखला, वर लिहिलं 'राहिलेल्या', आणि खाली पाच नावं घातली. पहिलं शीतलचं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं. "ज्या रस्त्यावर आल्याच नाहीत, त्यांना मोजता?"

"हो," मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोरच दस्तखत केली. दुसरी प्रत मी आधीच टपालाने वर पाठवली होती.

पंधरा दिवसांत माझी बदली वसुली विभागात झाली, मागच्या इमारतीत. प्रस्तावाचं उत्तर अजून आलेलं नाही. सिस्टरचा मुलगा पुण्याला असतो, तो त्यांची सायकल भंगारात देणार होता. ती मी मागून घेतली. दर मंगळवारी मी ती समोरच्या तीन पायऱ्यांवरून चढवतो, बोळातून ढकलत नेतो आणि साहेबांच्या टेबलाला चिकटून उभी करतो. शिपाई बोंबलतो. साहेबांनी मान वर काढली नाही, तर मी घंटी वाजवतो.