शनिवारी लावलेला दिवा

कुणाचं भलं करायचं म्हणून तुम्ही कधी त्याच्या पाठीमागे त्याच्याच घरातलं बटण दाबलं आहे का? मी दाबलं आहे. सलग नऊ शनिवार.

शेतीच्या संशोधनासाठी दोन वर्षं मी इस्राएलमध्ये होते आणि किर्यात मलाखीत एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या काकांच्या घरी खोली घेऊन राहत होते. काका तरुणपणी मुंबईहून आलेले, कारखान्यातून निवृत्त झालेले, घरात एकटे. बैठकीच्या खोलीत त्यांची दोन फुटी काचेची टाकी होती. तळाला माती, तिच्यावर वाळू, लांब पात्यांचं पाणगवत, थोडे गप्पी मासे आणि वर एक साधी ट्यूब. हवेचा पंप नाही की झाडांना कार्बन डायऑक्साइड देणारं नळकांडं नाही. पाणी मात्र इतकं नितळ, की काच आहे हे हात लावल्यावर कळावं.

ट्यूब दुपारी दोनला लागायची आणि आठला बंद व्हायची. मी एकदा विचारलं, "सहाच तास? झाडांना पुरतं?"

"काय गो, शेतीवाली ना तू?" काका म्हणाले. "झाडं सावकाश जेवतात. शेवाळ घाईत जेवतं. बत्ती जास्ती झाली, का ते सगळ्यांच्या ताटातलं उचलतं."

शुक्रवारी मात्र ते सूर्य मावळायच्या आतच ट्यूब बंद करत आणि खिडकीचं शटर खाली ओढत. शब्बात, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाला की विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. शनिवारी सकाळी ते प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये जात, तिथून बहिणीकडे जेवायला, आणि आकाशात तीन तारे दिसून शब्बात संपला की घरी परतत. तोवर टाकी अंधारात.

मला ते बघवेना. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये वाढले. आमच्या घरी जेवणं झाली की ताटं उचलायची आणि त्याच सतरंजीवर पत्रकं घडी घालायला बसायचं. धरणग्रस्तांची पत्रकं, समान वेतनाची, बुवाबाजीविरुद्धची. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. रूढीपायी कुणाचा हक्क मारला जात असेल तर गप्प बसणारा दोषी, हे माझ्या अंगात भिनलेलं होतं. माणसाने आपला सण पाळावा, पण गवताने का म्हणून? एका शनिवारी काका कोपऱ्यावरून वळलेले दिसले आणि मी शटर वर ओढलं, ट्यूब लावली. संध्याकाळी ते यायच्या आधी सगळं पूर्ववत केलं. दिवसभर मला फार बरं वाटलं होतं.

तिसऱ्या शनिवारनंतर काचेवर हिरवे ठिपके आले. काकांनी संपलेलं टेलिफोन कार्ड घेतलं आणि त्याच्या कडेने ते खरवडले. मग पात्यांवर केसांसारखं शेवाळ धरलं. ते जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखं गुंडाळून काढत बसायचे. दारासमोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर ते रोजचे तास पेन्सिलीने लिहीत. सहाचे पाच झाले, पाचाचे चार. पाती पिवळी पडायला लागली. मला वाटलं, बघा, उपासमार चालली आहे. म्हणून मी शनिवारी दिवा आणखी उशिरा बंद करायला लागले. आम्ही दोघं एकाच टाकीला विरुद्ध बाजूंनी ओढत होतो आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

नवव्या शनिवारनंतरच्या गुरुवारी काकांनी भाच्याला बोलावलं. तो तिथेच जन्मलेला, त्याला मराठी समजायची, पण तोंडातून हिब्रूच यायची.

"टाकी घेऊन जा," काका त्याला म्हणाले. "डोळे गेले माझे. साफ झालं का नाय, मला दिसत नाय. जनावरं मरतील माझ्या हातून."

"एन ब्रेरा, दोद," भाचा म्हणाला. इलाज नाही, मामा. रविवारी बादल्या घेऊन येतो.

मी दारात उभी होते. समोर कॅलेंडर होतं. सगळे चौकोन आकड्यांनी भरलेले, फक्त शनिवारचे रिकामे. त्या रिकाम्या चौकोनांकडे मी इतके दिवस अन्याय म्हणून बघत होते. ती टाकीची विश्रांती होती. सहा दिवसांचा उजेड आणि एका दिवसाचा अंधार, असं मिळून त्यांचं गणित बसलेलं होतं, आणि ते मी मोडलं होतं.

शुक्रवारी बोलायचं ठरवलं, बोलले नाही. शनिवारी दिवा लावला नाही. खोलीत येरझाऱ्या घातल्या, पुस्तक उघडलं, मिटलं, चहा केला, तो गार झाला. मोर्चात घोषणा देताना माझा घसा कधी बसला नव्हता. एका म्हाताऱ्याला सांगायचं एक वाक्य मात्र मी दहा वेळा मनात बदललं.

अंधार पडल्यावर काका आले. चप्पल काढायच्या आतच मी सांगून टाकलं.

ते खुर्चीत बसले. टाकीच्या काचेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे डोळे ठीक हायेत माझे."

"हो, काका."

"नऊ शनिवार?"

"नऊ."

"तू बत्ती लावलीस त्याचं काय नाय. तुला शब्बात नाय. पण मी ब्रश घेऊन बसायचो, तेव्हा तू बाजूला बसून पेपर वाचायचीस ना गो?"

देवधर्मावर मी त्यानंतरही त्यांच्याशी कडाकडा भांडले, आणि ते मला "पांपलेटवाली" म्हणून चिडवत राहिले. पण ज्याच्या टाकीसाठी लढत होते त्याला मी साधं विचारलंही नव्हतं, हे कुठल्याच वादात मला खोडता आलं नाही.

रविवारी भाचा बादल्या घेऊन आला आणि चहा पिऊन रिकाम्या बादल्या घेऊन गेला. निम्मं गवत कापून टाकावं लागलं. ब्रश आता माझ्या हातात होता. दिवा पुन्हा सहा तास, शनिवारी अंधार. पाणी नितळ व्हायला हिवाळा उजाडला, तिकडे पाऊस तेव्हाच पडतो.

तुम्हीही कुणाच्या घरात असं काही गुपचूप सुधारून ठेवलं असेल, तर हे पान इथेच मिटा आणि आधी त्यांना जाऊन सांगा. ते बहुधा स्वतःलाच दोष देत बसले असतील.